मराठीचा सर्व्हर वाचनालयांनी चालवावा

मॅस्टोडॉन नावाच्या समाजमाध्यमावर मी यंदा उन्हाळ्यात खातं उघडलं. तिथं काय दिसलं ते सांगतेच, पण आधी मुद्द्याचं बोलते. मराठी माणसांचा तिथं स्वतःचा सर्व्हर असायला हवा, आणि तो चालवायचं काम आपल्या सार्वजनिक वाचनालयांनी अंगावर घ्यावं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी असतेच. हे मत तिथं बसूनच तयार झालं आहे.

आमच्याकडं पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून मी जुन्या वस्तूंच्या नोंदी करते. पाभर, कोळपं, मोटेचा नाडा, फडताळ, शिंकाळं. वस्तूचा फोटो, तिचे भाग, ती कशी वापरत, कोण बनवून देई. आधी या नोंदी मी एका माध्यमावर टाकत असे. खाली प्रतिसाद यायचे. कुणी परभणीकडचा सांगायचा की पाभरीला आमच्याकडं तिफण म्हणतात, आणि फण बाभळीचा असला तर काळ्या रानात किती दिवस टिकतो. कुणी सुताराच्या घरातला निघायचा आणि माप सांगायचा. मग ते माध्यम बंद झालं. नोंदी माझ्या वहीत आहेत, प्रतिसाद गेले. त्यातले कितीतरी लिहिणारे माझ्याहून जाणते होते. त्यांची खरी नावं मला ठाऊक नव्हती, त्यामुळं आता विचारायचं म्हटलं तर कुणाला विचारणार?

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. ऑर्कुट २००४ च्या जानेवारीत आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. त्यावरच्या जाहीर समुदायांचं लिखाण काही काळ नुसतं वाचायला ठेवलं होतं, पुढं तेही काढून टाकलं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. भारतीय भाषांसाठीच निघालेलं कू २०२० मध्ये सुरू झालं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकार आणि ट्विटरचं वाजलं तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती तिकडं गेली, मराठी माणसंही गेली. जुलै २०२४ मध्ये ते बंद होत असल्याचं संस्थापकांनी जाहीर केलं. पुस्तकांवरही संकटं येतात. चिपळूणच्या जुन्या वाचनालयात २००५ ला आणि पुन्हा २०२१ ला पुराचं पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. त्या बातमीनं आम्हा ग्रंथपालांच्या पोटात गोळा आला होता. तरीही भिजलेलं पुस्तक हातात असतं, त्याची दुसरी प्रत कुठल्यातरी गावात कपाटात सापडते. बंद पडलेल्या माध्यमावरच्या मजकुराची दुसरी प्रत सहसा कुठं सापडत नाही.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "मावशी, आता अशा ठिकाणी लिही, जिथं सगळ्याचा मालक एकच माणूस नाही." म्हणून मॅस्टोडॉन.

जर्मनीतल्या येना शहरात राहणाऱ्या ऑयगेन रोच्को या तरुणानं २०१६ मध्ये हे सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. कुणीही ते फुकट घ्यावं, आपल्या सर्व्हरवर बसवावं, आपले सभासद करावेत, आपले नियम लावावेत. असे हजारो सर्व्हर जगभर आहेत आणि ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका नियमावलीनं एकमेकांशी बोलतात. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ती जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. आम्ही वाचनालयात आंतरग्रंथालयीन देवघेव करायचो, ते आठवलं की हे चटकन समजतं. वाचक आमचा, पुस्तक दुसऱ्या गावचं. त्यासाठी वाचकाला तिथलं सभासद व्हावं लागत नाही, दोन वाचनालयं आपापसात पाहून घेतात. इथंही माझं खातं एका सर्व्हरवर असतं आणि मी वाचते ती माणसं वीस ठिकाणची असतात. जाहिराती नाहीत. पोस्ट लागतात त्या वेळेच्या क्रमानं. कुठली वर आणायची आणि कुठली दाबायची हे ठरवणारं यंत्र मधे बसलेलं नाही.

खातं उघडताना पहिलाच प्रश्न येतो: कुठला सर्व्हर? विषयावर, प्रदेशावर, भाषेवर चालणाऱ्या सर्व्हरांची यादी समोर येते. त्यात मी मराठी शोधलं, मिळालं नाही. शेवटी एका सर्वसाधारण मोठ्या सर्व्हरवर नाव घातलं. पण नाव घालायच्या आधी जे पान समोर आलं, त्यानं मला थांबवलं. इथले नियम असे, ते मान्य असतील तरच आत या. आणि नियम शंभर पानांचे नव्हेत. वंशद्वेष नको, छळ नको, दुसऱ्याची खासगी माहिती उघड करू नका, अशी सात-आठ वाक्यं. हा सर्व्हर कोण चालवतं, त्यांना पत्र कुठं लिहायचं, हेही तिथंच. त्याच्या खाली आणखी एक यादी होती: या सर्व्हरनं कुठकुठल्या सर्व्हरांशी संबंध तोडले आहेत आणि का. प्रत्येकापुढं कारण. चाळीस वर्षं मी अर्ज, नियमावल्या आणि सभासदांच्या तक्रारी यांत घालवली आहेत. कुणाला दार बंद केलं ते कारणासह भिंतीवर लावणारी संस्था मला फार थोड्या वेळा दिसली.

सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं आहे, त्यामुळं ते द्वेष पसरवणाऱ्यांनाही मोकळं आहे. अमेरिकेतलं गॅब २०१९ मध्ये याच सॉफ्टवेअरवर आलं आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रूथ सोशलचा पायाही तोच आहे. गॅब आलं तेव्हा इतर बहुसंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. वरून कुणी हुकूम दिला नव्हता, ज्यानं त्यानं आपापल्या दारात निर्णय घेतला. मला ही रीत पटते. निर्णय घेणारा जवळ असतो आणि त्याला जाब विचारता येतो.

आत गेल्यावर मात्र शांतता. माझी पोस्टांची यादी कोरी होती. दुसरीकडं खातं उघडल्या उघडल्या नट, पुढारी आणि भांडणं अंगावर येतात, इथं कुणीच आलं नाही. आपली ओळख लिहायची आणि तिला परिचयाचा हॅशटॅग लावायचा अशी तिथली पद्धत आहे, तशी मी लिहिली. मराठीत आणि तोडक्या इंग्रजीत. शेती-अवजारं, वाचनालयं, हस्तलिखितं असे हॅशटॅग धरून ठेवले, म्हणजे त्या विषयावर कुणी लिहिलं की ते माझ्यापर्यंत येतं. हळूहळू माणसं दिसू लागली. पोर्तुगालमधली एक ग्रंथपाल, जुनी नांगरटीची अवजारं गोळा करणारा एक फ्रेंच शेतकरी. त्यानं माझ्या पाभरीचा, म्हणजे बी पेरायच्या अवजाराचा, फोटो पाहून त्यांच्याकडच्या पेरणीयंत्राचं चित्र पाठवलं आणि आमचं बी टाकायचं चाडं हातानं भरावं लागतं का, असं विचारलं. ही माणसं बोलतात ती वेळ काढून बोलतात.

पाभरीचा तो फोटो चढवताना जे घडलं त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. फोटो चढवला की त्याखाली वर्णन लिहायची जागा येते, दीड हजार अक्षरांपर्यंत. ज्यांना दिसत नाही ती माणसं स्क्रीन रीडर वापरतात आणि तो हे वर्णन मोठ्यानं वाचून दाखवतो. ही सोय इतर माध्यमांवरही आहे. पण मॅस्टोडॉनवर वर्णनाशिवाय फोटो टाकणं बरं मानत नाहीत. पुष्कळ जण असा फोटो पुढं पाठवतच नाहीत. म्हणून मी लिहायला बसले. 'भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी पाभर. वर वाटीसारखं चाडं. त्याच्या तळातून बांबूच्या तीन नळ्या खाली उतरतात आणि एकेका फणाच्या मागं जातात. फणांची टोकं लोखंडी, गंजलेली. चाड्याच्या काठाला एका बाजूनं चीर गेली आहे आणि ती तारेनं आवळली आहे.' फोटो माझ्याकडं कितीतरी महिने होता. ती तार मी वर्णन लिहिताना पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या परसात ही पाभर आहे त्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, दुष्काळाच्या वर्षी नवं चाडं करवायला पैसे नव्हते, तेव्हा बांधलेली आहे. बहात्तरचा दुष्काळ. नोंदीत ही एक ओळ वाढली.

त्या फोटोवर मला तिथला मराठीतला पहिला प्रतिसाद आला. लिहिणाऱ्या बाईंना दिसत नाही. त्यांनी विचारलं, "ताई, चाडं केवढं असतं? दोन्ही हातांच्या ओंजळीएवढं की त्याहून मोठं? आणि बी मुठीनं सोडतात म्हणजे बोटं वर असतात की खाली?" डोळे असलेल्या एकाही वाचकानं आजवर मला हे विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं हातांच्या हालचालीनिशी लिहून कळवलं. आता प्रत्येक वस्तूचं वर्णन मी अशा वाचकाला समोर ठेवून करते. आपल्या वाचनालयांत अंध वाचकांसाठी किती मराठी मजकूर आहे, याचा विचार करा. जवळजवळ नाहीच. आणि इथं जगभरची सामान्य माणसं आपल्या मांजराच्या फोटोलाही चार ओळींचं वर्णन जोडतात, कुणी सक्ती न करता.

दुसरी एक बारीकशी गोष्ट. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तिथं अक्षरं मोजताना काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'मी' लिहिलं की दोन अक्षरं खर्ची. मॅस्टोडॉनवर मर्यादा ५०० अक्षरांची आहे आणि मात्रा अक्षरातच धरली जाते, 'मी' हे एकच अक्षर. ब्लूस्कायवरही मोजणी अशीच आहे, मर्यादा ३०० ची. मराठीत लिहिणाऱ्याला हा फरक पहिल्याच परिच्छेदात जाणवतो. वाक्य तोडावं लागत नाही, क्रियापदं गाळावी लागत नाहीत.

सगळंच गोड आहे असं नाही. मजकुरावर आधी इशारा देऊन तो झाकून ठेवायची सोय इथं आहे. वाचणाऱ्यानं ठरवायचं, उघडायचा की नाही. रक्तपाताचं, आजारपणाचं लिहिताना ही रीत चांगली. पण २०२२ च्या अखेरीस, इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर, जी माणसं लोंढ्यानं इकडं आली त्यांत अमेरिकेतली कृष्णवर्णीय माणसं होती, आणि त्यांनी वंशभेदाचे अनुभव लिहिले की जुनी मंडळी त्यांना सांगत, यावर इशारा टाका, झाका. त्यावर मोठा वाद झाला. मला तो वाद आपल्या जवळचा वाटला. उद्या मराठी सर्व्हरवर कुणी विहिरीवरच्या, देवळातल्या, वसतिगृहातल्या जातीच्या अपमानाबद्दल लिहिलं आणि कुणी म्हणालं की हे झाकून लिहा, आम्हाला त्रास होतो, तर? माझ्या मते ते झाकता कामा नये. ज्याला तो अपमान सोसावा लागला त्याला त्यावर पडदा ओढता आला नव्हता. असे निर्णय दूरच्या देशातला भला माणूस आपल्यासाठी घेऊ शकत नाही. त्याला जात म्हणजे काय हेच नीट समजलेलं नसतं, आणि मराठीतली जातीवाचक शिवी त्याच्या नजरेतून सुटते. आपला सर्व्हर हवा म्हणते ते मुख्यतः यासाठी.

भारतीय माणसं एकदा इकडं मोठ्या संख्येनं आली होती. २०१९ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. त्यांनी लावलेलं चित्र १९३६ मधलं होतं, हॅम्बुर्गच्या गोदीत सगळे नाझी सलाम करत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एक माणूस. त्यावरून संतापून नोव्हेंबरात कितीतरी भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती काढली. बरेचसे पुढं परतले. कारण उघड आहे. रागाच्या भरात आलेला माणूस मित्र नसले की थांबत नाही, आणि ही माणसं परक्या सर्व्हरांवर विखुरली होती, एकमेकांना सापडतच नव्हती. मॅस्टोडॉनवर 'स्थानिक' नावाची एक यादी असते, आपल्या सर्व्हरवरचे सगळे लोक काय लिहितात ते तिथं दिसतं. मराठी सर्व्हर असेल तर नवखा माणूस पहिल्या मिनिटाला मराठीत येऊन पडतो. माझ्या सर्व्हरच्या स्थानिक यादीत मला मराठीचं एक अक्षर दिसत नाही.

लहान भाषांनी हे केव्हाच ओळखलं. वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारी माणसं साधारण ५ लाख ३८ हजार निघाली. त्यांचा 'टूट वेल्स' हा सर्व्हर २०१८ पासून आहे. बास्क भाषेचा आहे, कॅटलानचा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आपल्याला जमणार नाही असंही नाही. परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये मायबोली सुरू केली, ती अजून चालू आहे. एवढ्या काळात मोठमोठ्या कंपन्यांची माध्यमं आली आणि गेली, मायबोलीवरची जुनी पाककृती आजही उघडते.

मग वाचनालयंच का? नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. गावोगावच्या अशा संस्था वर्गणीवर उभ्या राहिल्या आणि राजवटी बदलल्या तरी टिकल्या. त्यांना घटना आहे, निवडलेलं कार्यकारी मंडळ आहे, दरसाल हिशेब तपासला जातो, सभासदाला सभेत उठून प्रश्न विचारता येतो. एखाद्या हौशी तरुणानं एकट्यानं सर्व्हर काढला तर तो दमेल, लग्न होईल, परदेशी जाईल, आणि सर्व्हर बंद पडेल. असे बंद पडलेले सर्व्हर मॅस्टोडॉनवर पुष्कळ आहेत. सर्व्हर बदलताना तुमचे अनुयायी बरोबर नेता येतात, पण जुन्या पोस्ट नेता येत नाहीत. त्यांची प्रत फक्त उतरवून घेता येते. म्हणून मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर सर्व्हर चालवणाऱ्याला चार गोष्टी कबूल कराव्या लागतात: द्वेषाच्या मजकुरावर लक्ष ठेवीन, रोज साठ्याची प्रत काढीन, अडीअडचणीला किल्ली असलेला दुसरा माणूस नेमीन, आणि बंद करायची वेळ आलीच तर किमान तीन महिने आधी सांगीन. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट कुठल्याही जुन्या संस्थेच्या अंगवळणी पडलेली असते.

अडचणी आहेत, त्या मी झाकत नाही. लहान सर्व्हरचं भाडं महिन्याला हजार-दोन हजारांपासून सुरू होतं आणि माणसं व फोटो वाढले की वाढत जातं. एकट्या तालुका वाचनालयाला ते जड आहे, दहा जणांनी मिळून उचललं तर नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव जाहीर करावं लागतं आणि तक्रारीचा निकाल मुदतीत लावावा लागतो. वेबपत्ता विचार करून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सर्व्हरचा पत्ता अफगाणिस्तानच्या नावाखालचा होता म्हणून तालिबान सरकारनं तो तोडला आणि सर्व्हर एका रात्रीत दिसेनासा झाला. पत्ता आपल्या देशातला आणि संस्थेच्या नावावरच हवा, चिटणिसांच्या पुतण्याच्या नावावर नको.

लोक मला सांगतात, व्हॉट्सॲप आहे की सगळ्यांकडं. आहे, माझ्याकडंही आहे. आमच्या वाचकांचा गट तिथंच चालतो आणि कार्यक्रमाचा निरोप द्यायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण तिथं पुढं ढकललेल्या मजकुराखालचं लिहिणाऱ्याचं नाव दोन-तीन हातांत गळून पडतं. माझ्याच नोंदी मला निनावी होऊन परत आल्या आहेत, एकदा तर त्याखाली एका प्रसिद्ध लेखकाचं नाव होतं. मॅस्टोडॉनवर पोस्ट कितीही हातांतून गेली तरी मूळ लिहिणाऱ्याच्या नावानिशीच जाते. दुसऱ्याची पोस्ट आपल्या शेऱ्यासह उचलून धरायची सोय तिथं वर्षानुवर्षं मुद्दाम ठेवली नव्हती, कारण तिचा वापर टवाळीसाठी होतो. २०२५ मध्ये ती आली, तीही लिहिणाऱ्याच्या परवानगीची अट घालून. ज्यानं लिहिलं त्याचा मान राखायचा, हे ज्यांच्या मनात पक्कं होतं त्यांनी ही रचना केली आहे. ग्रंथपालाला ती आपली वाटते.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसमोर मी ठराव पाठवला आहे: शेजारच्या तालुक्यांतल्या वाचनालयांशी बोलून मॅस्टोडॉनचा मराठी सर्व्हर एक वर्ष प्रयोगादाखल चालवावा, पहिले सभासद वाचनालयांचेच वाचक असावेत, आणि नियम मराठीत लिहून सभेत मंजूर करून घ्यावेत. खजिनदारांनी पैशाबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, रात्री दहानंतर कुणी कुणाला शिव्या घातल्या तर बघणार कोण? प्रश्न अगदी रास्त आहे. रात्रपाळीला किमान तीन माणसं लागतील, दोन आमच्याकडं आहेत. तिसरं माणूस अमेरिकेतलं मराठी मिळालं तर आमची रात्र त्यांचा दिवस असेल. त्यासाठी तिकडच्या महाराष्ट्र मंडळांना पत्रं लिहायला घेतली आहेत.